गुटगुटीत पोट आणि पांढऱ्या हिरड्या : इंदूरमधील एका घरातील पिल्लांच्या जंतबाधेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरच्या जुन्या भागात, राजवाड्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या घरात घडले. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. दिवसांचा हिशोब, तपासण्यांचे निष्कर्ष आणि पशुवैद्य म्हणून मी घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत, कारण त्यांतला एक निर्णय चुकला आणि तो कसा चुकला हे सांगण्यासाठीच हे लेखन आहे.

घरात आजी, मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. मागच्या अंगणात जिन्याखाली बांधकामातून उरलेल्या रेतीचा ढीग बरेच दिवस पडून होता. गल्लीतली एक कुत्री, जिला आजी रोज संध्याकाळी दूध-पोळी घालत असत, श्रावणात त्या ढिगावर व्याली आणि तिला पाच पिल्ले झाली. जागा आडोशाची होती, पाऊस आत येत नव्हता, त्यामुळे तिने ती निवडली यात नवल नाही. पण त्या कोपऱ्यात ऊन कधीच पोहोचत नसे, रेती वरून कोरडी दिसली तरी हात घातल्यावर आतून दमट लागत असे आणि गल्लीतली इतर कुत्रीही अधूनमधून तिथेच शौच करून जात असत. हा तपशील मला तीन आठवड्यांनी कळला. तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

याच सुमारास नातीने शेजारच्या गोदामातून मांजराचे एक पोरके पिल्लू घरी आणले. ते साधारण सात-आठ आठवड्यांचे असावे. कुत्रीची पिल्ले अंगणात आणि मांजरीचे पिल्लू स्वयंपाकघराच्या दाराशी, अशी व्यवस्था होती.

पहिली भेट : अठरावा दिवस

पंधराव्या दिवशी सकाळी पाचांतले सर्वांत लहान पिल्लू मेलेले आढळले. आदल्या रात्री पावसाची झड लागली होती, त्यामुळे ते गारठून गेले असावे असे घरच्यांनी धरले. एका वेतातले एखादे पिल्लू जगत नाही, हा अनुभव सगळ्यांनाच असतो. त्या मृत्यूची वेगळी चौकशी कोणी केली नाही.

अठराव्या दिवशी आजी आणि मुलगा एक पिल्लू टोपलीत घालून दवाखान्यात घेऊन आले. त्याला दोन दिवस पातळ होत होते. बाकीची तीन पिल्ले आईजवळ होती आणि ती ठीक आहेत, असे त्यांनी सांगितले. टोपलीतले पिल्लू 620 ग्रॅमचे होते. पोट गोल, ताणलेले. पाठीवरून बोट फिरवले की मणके मात्र एकेक करून लागत होते. केस निस्तेज आणि किंचित उभे राहिलेले. मी पोटाला हात लावला तेव्हा आजी समाधानाने म्हणाल्या, "पोट तर बघा डॉक्टर, कसं टम्म भरलंय. गुटगुटीत आहे हो, दूध कमी पडू देत नाही मी." आईचे दूध पुरत नसेल म्हणून त्या दिवसातून तीनदा वाटीभर गाईचे दूधही पाजत होत्या.

गुटगुटीत बाळ आणि जंतांनी पोट फुगलेले पिल्लू यांतला फरक सांगायला सोपा आहे, पण डोळ्यांना फसवणारा आहे. नीट पोसलेल्या पिल्लाचे अंग सगळीकडून भरते, मान आणि मांड्यासुद्धा. जंतबाधा झालेल्या पिल्लाचे पोट तेवढे मोठे होते. फासळ्या, कमरेची हाडे आणि पाठीचा कणा उघडे पडतात. पाजल्यानंतर तासाभराने फुगा उतरतो का, हेही पाहण्यासारखे असते. या पिल्लाचे पोट उतरत नव्हते. ते मी पाहिले होते, तरीही मी दुसऱ्या कारणाकडे वळलो.

विष्ठा गडद रंगाची आणि चिकट होती. मिठाच्या संपृक्त द्रावणात अंडी तरंगवून पाहण्याची नेहमीची तपासणी मी केली. सूक्ष्मदर्शकाखाली एकही अंडे दिसले नाही. गाईचे दूध कुत्र्यांच्या पिल्लांना अनेकदा बाधते, कारण त्यात कुत्रीच्या दुधापेक्षा दुग्धशर्करा जास्त असते. जुलाबाचे ते एक सरळ स्पष्टीकरण समोर होते. हिरड्या मला फिकट वाटल्या होत्या, पण पावसाळी दुपार, ट्यूबलाइटचा उजेड आणि इतक्या लहान पिल्लाच्या हिरड्या तशाही फार लाल नसतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. तपासणीच्या कागदावर "जंत नाहीत" असे लिहिले, गाईचे दूध बंद करायला सांगितले, जलसंजीवनीचे पाणी थोडे थोडे पाजायला दिले आणि महिन्याचे झाल्यावर जंताच्या औषधासाठी सगळी पिल्ले आणा असे सांगून त्यांना परत पाठवले.

त्या दोन शब्दांत दोन चुका होत्या. तपासणीत अंडी दिसली नव्हती, एवढेच खरे होते. अंडी घालायला जंत प्रौढ व्हावे लागतात. कुत्र्यांच्या गोलकृमीच्या, म्हणजे लांब पांढऱ्या जंताच्या, अळ्या गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात आईच्या स्नायूंतून जाग्या होऊन नाळेवाटे गर्भात जातात. पिल्लू जन्मते तेच अंगात अळ्या घेऊन, आणि तरीही त्याच्या विष्ठेत अंडी दिसायला जवळपास तीन आठवडे लागतात. अंकुशकृमी, म्हणजे आतड्याला चिकटून राहणारे बारीक जंत, मुख्यतः आईच्या दुधातून येतात, शिवाय दमट मातीतल्या त्यांच्या अळ्या कातडीतूनही आत शिरतात. त्यांनाही अंडी घालण्याइतके वाढायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो, पण रक्त पिणे ते त्याआधीच सुरू करतात. म्हणजे पिल्लाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ हा बरोबर तोच असतो, ज्या काळात विष्ठेची तपासणी कोरी येते. अठरा दिवसांच्या पिल्लाच्या बाबतीत त्याचे वय हीच अधिक भरवशाची तपासणी होती, आणि वय मला माहीत होते.

दुसरी भेट : बाविसावा दिवस

एकविसाव्या दिवसाच्या रात्री ते पिल्लू गेले. बाविसाव्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून उरलेली तीन पिल्ले, मांजरीचे पिल्लू आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेले ते मेलेले पिल्लू, अशी सगळी घेऊन आले. घरात गणपतीची तयारी चालली होती; सुनेच्या हातांना रंग तसाच होता.

तिघांपैकी एक मादी पिल्लू निपचित पडलेले होते. वजन 700 ग्रॅम, तापमान 34.8 अंश सेल्सिअस, श्वास जलद आणि उथळ. या वेळी मी त्याला खिडकीशी नेऊन ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या, बोट दाबून सोडल्यावर रंग परत यायला मुळात रंगच नव्हता. गुदद्वाराशी डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा लागलेली होती. काळा रंग हा पचलेल्या रक्ताचा असतो. तो लहान आतड्यात रक्तस्राव चालू असल्याचे सांगतो. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण 11 टक्के निघाले. या वयात ते साधारण 30 टक्क्यांच्या आसपास असायला हवे. उरलेल्या दोघांत ते 19 आणि 23 होते. पार्व्होची (पिल्लांत रक्ताचे जुलाब करणाऱ्या विषाणूची) झटपट चाचणी केली, ती नकारात्मक आली.

मेलेल्या पिल्लाचे पोट उघडून पाहण्याची परवानगी मी मागितली. सून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बाकीचे वाचणार असतील तर बघा." लहान आतडे उभे चिरले तेव्हा आतला पदार्थ चॉकलेटी-लाल होता. वरच्या भागात बोटभर लांबीचे, मलईच्या रंगाचे, स्प्रिंगसारखे वळलेले गोलकृमी होते. त्यांच्याकडे लक्ष आपोआप जाते. ते बाजूला करून आतड्याचे अस्तर पाण्याने हलके धुतले, तेव्हा खरे दृश्य दिसले. सेंटिमीटरभर लांबीचे, शिवणाच्या दोऱ्याइतके बारीक, राखाडी-तांबूस कृमी अस्तराला तोंडाने चिकटून बसलेले होते, आणि त्यांच्या आजूबाजूला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, कृमी जिथून जागा बदलून गेले तिथेही. हे अंकुशकृमी. ते चावतात तिथे रक्त गोठू न देणारा स्राव सोडतात, त्यामुळे जागा सोडून गेल्यावरही जखम झिरपत राहते.

एक जंत दिवसाला 0.1 मिलिलिटरपर्यंत रक्त घालवू शकतो. सहाशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळे मिळून सुमारे 50 मिलिलिटर रक्त असते. शंभर जंत असतील तर रोज त्यातला पाचवा भाग जाऊ शकतो. हा हिशोब मी त्या दिवशी सुनेला कागदावर करून दाखवला, कारण आतापर्यंत घरात जंत म्हणजे विष्ठेत किंवा उलटीत दिसणारे लांब पांढरे जंत अशीच कल्पना होती. ते दिसतात, म्हणून त्यांची धास्ती वाटते. ज्यांनी पिल्लू मारले ते आतड्याबाहेर कोणाला दिसतच नाहीत.

ताज्या विष्ठेच्या तपासणीत आता दोन्ही प्रकारची अंडी मिळाली. चार दिवसांपूर्वी कोरी असलेली काच आता भरलेली होती.

कोणते पर्याय समोर होते

निपचित पिल्लाच्या बाबतीत पहिला पर्याय होता फक्त जंताचे औषध आणि लोहाचे थेंब देऊन घरी पाठवण्याचा. पैशांच्या दृष्टीने तो सर्वांत सोपा होता आणि कुटुंबाने तो विचारलाही. पण औषधाने जंत मेले तरी गेलेले रक्त परत येत नाही. लोहापासून नव्या पेशी तयार व्हायला काही दिवस लागतात आणि या पिल्लाकडे काही तासच होते. दुसरा पर्याय महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेण्याचा होता. तिथे सोयी अधिक आहेत, पण पंचवीसेक किलोमीटरचा पावसातला रस्ता थंड पडलेल्या पिल्लाला झेपेल असे मला वाटले नाही. तिसरा पर्याय तिथल्या तिथे रक्त देण्याचा होता.

रक्त कोणाचे, हा पुढचा प्रश्न होता. मुलाला वाटले, आईचेच घ्यावे. आई पिल्ले पाजत होती, हाडे दिसत होती आणि तिच्या स्वतःच्या हिरड्याही फिकट होत्या. तिच्याकडून घेणे म्हणजे दोन जिवांना धोक्यात घालणे होते. जवळच राहणाऱ्या, नियमित लसीकरण झालेल्या एका मोठ्या लॅब्रॅडॉरच्या मालकांना फोन केला आणि ते अर्ध्या तासात आले. कुत्र्याला पहिल्यांदाच रक्त देताना रक्तगट जुळला नाही तरी सहसा तीव्र प्रतिक्रिया येत नाही, म्हणून घाईच्या वेळी हे करता येते. मांजराच्या बाबतीत असे कधीही करू नये. मांजरांच्या रक्तात परक्या गटाविरुद्धचे घटक निसर्गतःच असतात आणि पहिलेच चुकीचे रक्त जिवावर बेतू शकते.

जंताचे औषध त्याच दिवशी द्यायचे की पिल्लू सावरेपर्यंत थांबायचे, यावरही विचार करावा लागला. इतक्या अशक्त पिल्लाला औषध सोसणार नाही ही भीती स्वाभाविक आहे. माझे मत असे झाले की रक्त एका हाताने भरायचे आणि दुसऱ्या हाताने वाहू द्यायचे, यात अर्थ नाही. पायरँटेल हे औषध आतड्यातून अंगात फारसे शोषले जात नाही, ते बहुतांशी जंतांपर्यंतच राहते, म्हणून आजारी पिल्लालाही ते बऱ्याच निश्चिंतपणे देता येते.

घरगुती उपायांचा विचारही या टप्प्यावर झाला, आणि तो मी टाळला नाही. आजींनी घरातल्या सगळ्या मुलांना वावडिंग घालून उकळलेले दूध दिलेले होते. पिल्लांना तेच द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. बाविसाव्या दिवशी त्याच्यावर विसंबून राहण्याइतका वेळ नव्हता, एवढे त्यांना पटले. शेजारणीने सुचवलेला लसूण मात्र मी ठामपणे नाकारला: लसूण आणि कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि इथे तर त्याच पेशींची वानवा होती. सुनेजवळ आल्बेंडाझोलची गोळी होती. 10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतमुक्ती दिनाला शाळेत नातीला हीच गोळी मिळाली होती, त्यामुळे नाव ओळखीचे होते. पाव गोळी द्यायची असे त्यांनी आदल्या रात्री ठरवलेही होते. मुलांची गोळी 400 मिलिग्रॅमची असते. तिचा पाव भाग म्हणजे 100 मिलिग्रॅम, आणि सहाशे-सातशे ग्रॅमच्या पिल्लाला किलोमागे तो दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास जातो. शिवाय हे औषध कुत्र्या-मांजरांत रक्त तयार करणारी मज्जाच दाबून टाकू शकते. ती गोळी दिली गेली नाही, हे या प्रकरणातले सुदैव.

काय केले

आधी ऊब. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पिल्लाभोवती ठेवल्या आणि तापमान हळूहळू वर आणले. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण अंग गार असताना आतड्यांची हालचाल मंदावलेली असते, दूध पोटात तसेच पडून राहते किंवा श्वासनलिकेत जाते. त्यामुळे हिरड्यांना फक्त ग्लुकोजचे बोट चोळले. शिर सापडत नव्हती, म्हणून मांडीच्या हाडाच्या पोकळीत सुई घालून 14 मिलिलिटर रक्त सुमारे चार तासांत दिले. दुपारी तीनच्या सुमारास त्या पिल्लाने मान उचलली आणि बाटलीच्या टॉवेलात तोंड खुपसून चोखायला सुरुवात केली. संध्याकाळी तांबड्या पेशींचे प्रमाण 20 टक्के होते.

तिन्ही पिल्लांना वजन करून पायरँटेल दिले. 19 टक्के असलेल्या पिल्लाला रक्त द्यावे का, यावर मी बराच वेळ घालवला. ते चालत होते, जोमाने दूध ओढत होते, श्वास शांत होता, म्हणून रक्त न देता रोज तपासायचे ठरवले. तो निर्णय बरोबर ठरला, पण तो आकड्यावरून घेतलेला नव्हता, पिल्लाच्या वागण्यावरून घेतलेला होता. लोहाचे थेंब तिघांनाही सुरू केले, कारण दुधात लोह फार कमी असते.

आईला औषध देणे सर्वांत कठीण गेले. ती घरची नव्हती, हात लावू देत नव्हती. शेवटी आजींनी दुधात कुस्करलेल्या पोळीच्या पहिल्या दोन घासांत औषध नाही, तिसऱ्यात आहे, अशी युक्ती केली आणि ती साधली. पिल्लांना औषध देऊन आईला वगळले तर दूध आणि अंगण या दोन्ही वाटांनी बाधा चालूच राहते.

पायरँटेल आतड्यातल्या जंतांना मारते, अंगात फिरणाऱ्या अळ्यांना नाही. त्या अळ्या पुढे आतड्यात उतरतात, म्हणून दर दोन आठवड्यांनी औषध पुन्हा द्यावे लागते. एका मात्रेने काम झाले असे समजणे ही घराघरातली नेहमीची चूक आहे, आणि दुसऱ्या दिवशी विष्ठेत जंतांचा गुंता पडलेला पाहिला की ती समजूत आणखी पक्की होते. सुनेने तो गुंता पाहून फोन केला, "सगळे पडले बघा." मी कॅलेंडरवर पुढच्या तीन तारखांना खुणा करायला सांगितले.

मांजरीच्या पिल्लाची गोष्ट निराळी होती

त्याच घरात, त्याच सकाळी आलेले मांजरीचे पिल्लू तसे खेळकर होते. वजन 540 ग्रॅम, वयाच्या मानाने बरेच कमी. पोट गोल, केस रखरखीत, आणि आठवड्यापूर्वी त्याने उलटीत एक लांब जंत टाकला होता. मांजरांचा गोलकृमी गर्भात जात नाही, तो आईच्या दुधातून आणि पुढे मातीतून, उंदरांतून येतो. त्यामुळे मांजरीच्या पिल्लांत लक्षणे थोडी उशिरा दिसतात आणि औषध दोन ऐवजी तीन आठवड्यांपासून सुरू केले तरी चालते.

त्याच्या शेपटीखाली केसांना भाताच्या शितासारखे काही चिकटले होते. आजींना वाटले, खरेच शिते आहेत. ते ताटाजवळ बसते. एक शीत चिमट्याने काढून काचेवर ठेवले, तेव्हा ते दिव्याखाली आकसले आणि पुन्हा लांबले. पट्टकृमीचा तुकडा होता तो. वाळला की तो तिळासारखा दिसतो आणि अंथरुणावर सापडतो. हा पट्टकृमी पिसवांतून येतो: पिसवांच्या अळ्या त्याची अंडी खातात आणि अंग चाटताना पिल्लू पिसू गिळते. कंगवा फिरवल्यावर काळी भुकटी निघाली. ओल्या कापसावर ती तांबडी पसरली, म्हणजे पिसवांनी प्यायलेले रक्तच. पट्टकृमीवर पायरँटेल चालत नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल दिले.

इथला निर्णयाचा क्षण औषधाचा नव्हता. कुटुंबाने आईकुत्रीसाठी मानेवर घालायचे पिसवांचे औषध आणून ठेवले होते आणि त्यातले दोन थेंब मांजरीच्या पिल्लावर घालायचा विचार होता. डबीवर पर्मेथ्रिन लिहिले होते. कुत्र्याला ते चालते. मांजराच्या यकृताला मात्र त्या औषधाचे विष उतरवता येत नाही, अंग थरथरते, झटके येतात आणि जीव जातो. मी ती डबी वेगळ्या कपाटात ठेवायला सांगितले आणि पिल्लासाठी बारीक कंगवा, गरम पाण्यात धुतलेली अंथरुणे आणि नंतर मांजरांसाठीचे वयानुरूप औषध असा क्रम ठरवला.

घरातली माणसे आणि ती रेती

निघता निघता सुनेने विचारले, नातीच्या पायाला खाज सुटते, त्याचा याच्याशी संबंध आहे का. नात अनवाणी त्या ढिगावर खेळत असे. टाचेच्या कडेला एक तांबडी, नागमोडी रेघ होती आणि कालच्यापेक्षा आज ती पुढे गेल्याचे तिच्या आईने पाहिले होते. माणसाच्या पायातली रेघ पाहून निदान करणे माझे काम नाही. अंगणात अंकुशकृमी सापडल्याची चिठ्ठी लिहून मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. अंकुशकृमीच्याच अळीची ती वाट असल्याचे त्यांनी सांगितले आणि उपचारांनी ती थांबली. गोलकृमीची अंडी तोंडावाटे मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यात जातात, म्हणून हात धुण्याचा आणि नखे कापण्याचा विषय मी त्याच दिवशी काढला. तो माणसांच्या डॉक्टरांवर सोडून पशुवैद्याने गप्प बसावे, हे मला पटत नाही.

ओला-सुका कचरा वेगळा करणे या शहरात घराघराच्या अंगवळणी पडले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 2017 पासून सलग अनेक वर्षे पहिले आले त्यात या सवयीचा वाटा आहे. पण मागच्या अंगणातली विष्ठा कोणी उचलत नाही. या घरात फिनाइल रोज टाकले जात होते. गोलकृमीच्या अंड्यावर फिनाइलचा काही परिणाम होत नाही. ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात. मात्र ताजे अंडे लगेच बाधत नाही, त्याला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली तर साखळी तिथेच तुटते. मुलाने रेतीचा ढीग हलवून टाकला, जिन्याखालची फरशी उकळत्या पाण्याने धुतली आणि पिल्लांना उन्हाच्या बाजूला, लाकडी फळीवर पोते घालून हलवले. ऊन आणि कोरडेपणा यांत अंकुशकृमीच्या अळ्या तग धरत नाहीत.

परिणाम

पाचांपैकी तीन पिल्ले जगली. रक्त दिलेल्या पिल्लाचे वजन सहा आठवड्यांना 2 किलोच्या पुढे गेले. तिघांतल्या एकाला सहाव्या आठवड्यात पुन्हा शेंबडासारखे जुलाब झाले. ते कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचे निघाले, ज्यावर जंताची औषधे चालत नाहीत, आणि वेगळ्या औषधाने थांबले. तिघांनाही घरे मिळाली. मांजरीच्या पिल्लाच्या शेपटीखाली महिन्याभरात पुन्हा शिते दिसली, कारण सोफ्याखालची गोधडी धुवायची राहून गेली होती आणि पिसवा तिच्यात होत्या. प्राझिक्वांटेल पुन्हा द्यावे लागले.

काय वेगळे करता आले असते

अठराव्या दिवशी मी एक औषध दिले असते, तर ते पिल्लू जगले असते, असे निश्चित म्हणता येत नाही. त्याच्या आतड्यात जे दिसले ते पाहता उशीर कदाचित आधीच झाला होता. पण न देण्याला कोणतेही चांगले कारण नव्हते. कुत्र्यांच्या पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून, मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला औषध द्यावे हा सर्वमान्य क्रम आहे. "महिन्याचे झाल्यावर आणा" ही सवय माझ्या तोंडात बसली होती. ती आता मोडली आहे.

एक पिल्लू आले की सगळे वेत आणि आई यांना बोलावणे, हाही त्याच दिवशी करायचा भाग होता. पंधराव्या दिवशीचा मृत्यू गारठ्याचा मानून सोडला, ती माहिती हातात असूनही मी पुढे विचारले नाही. पिल्ले कशावर झोपतात, हा प्रश्न विचारला असता तर रेती, सावली आणि गल्लीतली कुत्री तिथेच समोर आली असती. कुटुंबाकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा होता. रोज वजन लिहिले असते तर वाढ थांबल्याचे त्यांना जुलाबांच्या आधी कळले असते. आणि हिरड्या ट्यूबलाइटखाली पाहू नयेत, दिवसाच्या उजेडात, शेजारी आईच्या किंवा दुसऱ्या निरोगी पिल्लाच्या हिरड्या ठेवून पाहाव्यात. तपासणीच्या कागदावर मी आता "जंत नाहीत" लिहीत नाही. "आज अंडी दिसली नाहीत" असे लिहितो आणि त्याखाली पिल्लाचे वय दिवसांत.

आईकुत्रीबद्दलचा निर्णय सर्वांत शेवटी झाला. आतड्यातले जंत औषधाने गेले तरी तिच्या स्नायूंत सुप्त अळ्या राहतात, नेहमीच्या मात्रेला त्या दाद देत नाहीत आणि पुढच्या प्रत्येक गर्भारपणात त्यांतल्या काही जाग्या होतात. गर्भारपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून प्रसूतीनंतर चौदा दिवसांपर्यंत रोज फेनबेंडाझोल दिले तर बाधा बरीच कमी होते, पण गल्लीतल्या कुत्रीला रोज औषध देणे कोणाच्या हातात नाही. दूध आटल्यावर, कार्तिकात, आजींनीच तिला पोळीच्या तुकड्यांवर पिंजऱ्यापर्यंत आणले आणि तिची नसबंदी करून घेतली. ती अजून संध्याकाळी त्याच दारात येते.